बाटलीतला काळा चिखल

बँकेच्या शाखाधिकाऱ्याच्या टेबलावर लोक काय काय आणून ठेवतात, याची एक यादीच करता येईल. सातबाराचे उतारे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मुलीच्या लग्नाची पत्रिका, आणि मोसमात हापूसची पेटी. (पेटी आम्ही परत पाठवत असू, एवढे वाचकांनी विश्वासाने मान्य करावे.) पण चिखलाने भरलेली हॉर्लिक्सची बाटली माझ्या टेबलावर एकदाच आली.

१९९२ सालच्या भाद्रपदातली ही गोष्ट. कोकणातल्या एका बंदराच्या गावी मी शाखा सांभाळत होतो. गणपती नुकतेच गेले होते. ट्रॉलरसाठी कर्ज घेतलेल्या एका नाखवाचे तीन हप्ते थकले होते, म्हणून मी त्याला बोलावणे पाठवले होते. तो आला, टोपी काढून बसला आणि पिशवीतून ती बाटली काढून माझ्यापुढे ठेवली.

"साहेब, नारळी पुनवेपासून चार फेऱ्या झाल्या. वरच्या पाण्यात बांगडा दिसतो, पण तळाला काही नाही. ढोमा नाही, कोळंबी नाही. जाळ्यात येतं ते हे."

त्याने झाकण फिरवले आणि कुजक्या अंड्यांचा वास थेट कॅश काउंटरपर्यंत गेला. आमचा शिपाई खिडक्या उघडायला धावला. कोणीतरी हसले. बाटलीत डांबरासारखा काळा, तुकतुकीत चिखल होता.

"खालचं पाणी मेलंय, साहेब. मेल्या पाण्यात मासा कसा राहील?"

बँकेला आकडे कळतात, वास कळत नाहीत, अशा अर्थाचे काहीतरी मी बोललो. तेव्हा ते मला चतुर वाटले होते. नाखवा गेल्यावर त्याच्या फायलीवर शेरा मारला : 'कर्जदार हप्ते टाळण्यासाठी निसर्गाची सबब सांगतो.' पुढच्या मोसमात त्याने पैन् पै फेडली. कर्जखाते बंद झाले. शेरा मात्र फायलीत तसाच राहिला.

निवृत्तीनंतर एका बंदरावरची कादंबरी डोक्यात घोळू लागली, म्हणून मी समुद्राविषयी वाचायला बसलो. कादंबरी बाजूला राहिली आणि त्या बाटलीतल्या चिखलाने मला धरले. तो वाचत वाचत मी आखातातल्या तेलापर्यंत, आपल्या मुंबई हायपर्यंत आणि शेवटी आपल्या श्वासापर्यंत येऊन पोहोचलो. तोच प्रवास आज तुमच्यापुढे मांडतो आहे.

सुरुवात घराजवळून करू. ओहोटीच्या वेळी कोणत्याही खाडीत उतरून पाहा. तिवरांच्या मुळांशी चिखलाची वरची साय तपकिरी असते. पाय घोटाभर रुतला की आतून काळाकुट्ट चिखल वर येतो आणि तोच कुजका वास सुटतो. चिखल एकच, पण रंग दोन. याचे कारण प्राणवायू. वरच्या सायीपर्यंत हवेतला आणि पाण्यातला प्राणवायू पोहोचतो. त्याच्या खाली जिवाणू तो संपवून टाकतात आणि नवा आत झिरपायला वाट नसते.

मेलेले पान असो, मासा असो की डोळ्यांना न दिसणारे शेवाळ असो, त्याचा फडशा पाडणाऱ्या जिवाणूंनाही श्वास घ्यावा लागतो. प्राणवायू असला की त्यांचे काम झपाट्याने चालते. तो संपला की दुसऱ्या जातीचे जिवाणू पुढे येतात. ते आधी पाण्यातल्या नायट्रेटवर आणि मग सल्फेटवर भागवतात. सल्फेटवर जगणाऱ्यांच्या 'उच्छ्वासातून' हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. कुजक्या अंड्यांचा वास तो हाच. चिखलातल्या लोखंडाशी त्याचा संयोग झाला की काळा रंग येतो. अशा चिखलात गांडुळासारखे किडेही राहत नाहीत, त्यामुळे तो कोणी उकरत नाही आणि बाहेरचे पाणी आत खेळत नाही. कुजण्याचे काम अगदीच थांबत नाही, पण ते रेंगाळते आणि अर्धवट राहते.

आपल्या आया-आज्या हे शास्त्र न शिकता जाणून होत्या. लोणच्याच्या बरणीत फोडींच्या वर चार बोटे तेल उभे राहिले पाहिजे, यावर माझ्या आईचा कटाक्ष असे. एखादी फोड वर डोकावली की तिच्यावर बुरशी आलीच. मिठाचा वाटा त्यात असतोच, पण तेलाचे मुख्य काम हवा अडवणे. समुद्रात मात्र हा क्रम उलटा आहे. बरणीत तेल हवेला अडवते, आणि समुद्रात जिथे हवा अडते तिथे पुढे तेल होते.

हे कसे, ते सांगताना मला माझ्या जुन्या धंद्याची भाषा वापरू द्या. पृथ्वीवर हरितद्रव्याच्या बळावर जेवढे अन्न तयार होते त्यातले जवळपास निम्मे समुद्रात होते. ते करणाऱ्या सूक्ष्म तरंगत्या वनस्पतींना वनस्पती-प्लवक म्हणतात. सूर्यप्रकाश घेऊन ते कार्बन साठवतात आणि प्राणवायू बाहेर सोडतात. ही झाली ठेव. मग ते प्लवक कोणीतरी खाते, खाणारा मरतो, मेलेले खाली बुडू लागते आणि वाटेत जिवाणू त्याचा चट्टामट्टा करतात. यात प्राणवायू खर्च होतो आणि कार्बन परत पाण्यात विरघळतो. ही झाली उचल. समुद्राच्या बँकेत उचल फार शिस्तीने होते. शंभर रुपयांच्या ठेवीतला एक रुपयासुद्धा तळाच्या गाळात कायमचा पुरला जात नाही. बाकी सगळा चुकता होतो.

तो जो रुपयाचा काही अंश मागे राहतो, त्याला मी 'दावा न केलेली ठेव' म्हणतो. प्रत्येक बँकेत अशी खाती असतात. खातेदार गेला, वारसांना पत्ता नाही आणि रक्कम वर्षानुवर्षे पडून राहते. जगातले सारे खनिज तेल अशाच पडून राहिलेल्या ठेवींतून आले आहे. आणि ठेव पडून राहण्याची शक्यता सर्वांत जास्त कुठे? जिथे उचल करणारा प्राणवायू पोहोचतच नाही तिथे.

अशी जागा कशी असते ते पाहायचे असेल तर काळ्या समुद्राकडे पाहावे. डॅन्यूब, नीपर, डॉन अशा मोठ्या नद्यांचे गोडे, हलके पाणी त्याच्या पृष्ठभागावर पसरते. इस्तंबूलजवळच्या बॉस्फोरसच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून भूमध्य समुद्राचे खारट, जड पाणी तळाशी शिरते. वरचे पाणी वर आणि खालचे खाली. दोन्ही फारशी मिसळत नाहीत. त्यामुळे सुमारे १५० ते २०० मीटरच्या खाली, थेट दोन हजार मीटरहून खोल तळापर्यंत, प्राणवायू नाहीच. तिथे हायड्रोजन सल्फाइडचे राज्य आहे. हे १८९० मध्ये रशियन भूवैज्ञानिक निकोलाय आंद्रुसोव यांच्या मोहिमेत ध्यानात आले.

त्या पाण्यात काय टिकते, याचा पुरावा २०१८ मध्ये जगापुढे आला. बल्गेरियाच्या किनाऱ्यापासून दूर, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, सुमारे २४०० वर्षांपूर्वीचे एक ग्रीक जहाज सापडले. डोलकाठी उभी, सुकाणू जागेवर, वल्हेकऱ्यांची बाकेही शाबूत. दुसऱ्या कोणत्याही समुद्रात लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनी त्याचा भुगा केला असता. इथे किड्यांना श्वासच नाही. जिथे लाकडाचे जहाज टिकते तिथे प्लवकाचा अंशही टिकणार, हे ओघानेच आले.

आता आपल्या दारातल्या अरबी समुद्राकडे येऊ. तो काळ्या समुद्रासारखा बंद डबा नाही, पण उत्तरेला जमिनीने अडवलेला आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत वाहताना वरचे पाणी बाजूला लोटतात आणि खालचे थंड, खताने भरलेले पाणी वर येते. त्यावर प्लवकाचे अमाप पीक उभे राहते. पीक मेले की ते बुडू लागते आणि ते कुजवताना मधल्या थरातला प्राणवायू संपतो. उत्तरेकडून ताजे पाणी यायला वाट नाही. परिणामी सुमारे १५० मीटरपासून हजार मीटरपर्यंतचा थर प्राणवायूविना जवळजवळ कोरडा पडतो. जगातल्या अशा थरांत हा फार मोठा आणि जाड मानला जातो. गंमत म्हणजे त्याच्याही खाली, खोल तळाशी, दक्षिणेकडून आलेल्या थंड पाण्यामुळे प्राणवायू पुन्हा भेटतो.

याचा एक मोठा पुरावा १९३३-३४ च्या जॉन मरे मोहिमेत मिळाला. ती कथा बँकवाल्याला आवडावी अशीच आहे. सर जॉन मरे हे स्कॉटिश समुद्रशास्त्रज्ञ १९१४ मध्ये वारले. समुद्राच्या संशोधनासाठी त्यांनी मृत्युपत्रात पैशांची तरतूद करून ठेवली होती. सुमारे वीस वर्षांनी त्या पैशांतून 'मबाहिस' हे इजिप्तचे जहाज सेमूर सिवेल यांच्या नेतृत्वाखाली अरबी समुद्रात फिरले. मधल्या खोलीवरच्या तळावर त्यांनी जाळी ओढली, तर कित्येक ठिकाणी प्राण्यांचा जवळपास मागमूस नव्हता. हे वाचताना माझा नाखवा मला आठवल्याशिवाय कसा राहील?

किडे नसल्यामुळे अशा तळावर आणखी एक गोष्ट घडते. दरवर्षीचा गाळ न ढवळता थरावर थर बसतो. कराचीपासून दूर समुद्राच्या उतारावर असे कागदासारखे थर सापडले आहेत. जुन्या खतावणीची पाने उलटावीत तसे शास्त्रज्ञ ते वाचतात आणि हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यांचा अंदाज बांधतात.

इथवर वाचून वाटेल, चला, सूत्र सापडले. प्राणवायू नाही म्हणजे तेल आहे! १९८० मध्ये डेमेसन आणि मूर या तेलशास्त्रज्ञांनी साधारण असाच विचार जोरकसपणे मांडला. दहा वर्षांनी, १९९० मध्ये, कॅनडातले पेडरसन आणि कॅल्व्हर्ट यांनी आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे : मुळात ठेवच भरपूर आली तर उचल होऊनही काही उरेलच, तेव्हा प्राणवायूपेक्षा पीक महत्त्वाचे. हा वाद थेट आपल्या किनाऱ्यावर येऊन ठेपला. भारताच्या पश्चिम उतारावर, नेमक्या त्या प्राणवायूहीन खोलीवर, सेंद्रिय पदार्थाने समृद्ध असा गाळाचा पट्टा आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये लिहिले की हे प्राणवायूच्या अभावामुळे झाले. तीन वर्षांनी कॅल्व्हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिले की नाही, याला गाळाचा पोत आणि पदार्थांचा पुरवठा अशी इतर कारणे आहेत. माझ्या टेबलावर बाटली आली तेव्हा दोनापावलातल्या लोकांच्या टेबलांवर त्याच समुद्राचा चिखल होता. फरक एवढाच, की त्यांनी त्याचा वास घेऊन विचार केला आणि मी खिडकी उघडायला सांगितली.

या वादात मला सर्वांत पटलेला मुद्दा १९९८ चा आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या आणि मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्यावरचा गाळ तपासून काही संशोधकांनी विचारले, प्राणवायू आहे की नाही एवढेच का पाहता? गाळाचा कण प्राणवायूच्या तावडीत किती काळ होता ते पाहा. तो काळ जितका लांबला तितका कमी पदार्थ उरला. म्हणजे व्याजाच्या हिशेबासारखेच हे. नुसता दर पाहून भागत नाही, मुदतही पाहावी लागते. पाण्यात प्राणवायू असला तरी नदीने भराभर गाळ आणून कण पुरून टाकला तर तो वाचतो. आणि चिकणमातीच्या कणांना बिलगून बसलेला पदार्थ जिवाणूंच्या हाती सहजी लागत नाही, तोही वाचतो.

वाचलेला पदार्थ म्हणजे तेल नव्हे. गाळावर गाळ साचत जातो, पाणी पिळून निघते, चिखलाचा खडक होतो आणि आतल्या पदार्थाचे केरोजेन नावाचे मेणचट द्रव्य बनते. हा खडक दोन-चार किलोमीटर खोल गेला, त्याला साधारण ६० ते १५० अंश सेल्सिअस उष्णता लाखो वर्षे मिळाली, की केरोजेनमधून तेल पाझरते. उष्णता कमी पडली तर काही होत नाही, जास्त झाली तर नुसता वायू उरतो. स्वयंपाकघरात मंद आच का म्हणतात, ते इथे पटते.

हे सारे सजीवांपासून झाले, याचा एक सुंदर पुरावा १९३० च्या दशकात म्युनिकच्या आल्फ्रेड ट्राइब्ज या रसायनशास्त्रज्ञाने शोधला. खनिज तेलात त्याला पॉर्फिरिन ही संयुगे आढळली. त्यांचा सांगाडा हरितद्रव्याच्या सांगाड्याशी जुळत होता. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या हिरव्या रंगाची सही तेलात शाबूत होती! प्राणवायूच्या तडाख्यात असे रेणू टिकत नाहीत, म्हणून तेलाचा जन्म प्राणवायूपासून दूर झाला असला पाहिजे, हेही त्यावरून उमगले.

१९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट'ने मुंबईच्या समुद्रात तेल शोधले तेव्हा मी शाळेत होतो. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरचे हे तेल आपण आज चुनखडकातून काढतो, पण ते जन्मले त्याच्याहून जुन्या, खालच्या थरांत. सुमारे पाच ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे हे थर 'पन्ना' नावाने ओळखले जातात. सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा आहे त्याच पाषाणावर, लाव्हा थंड झाल्यानंतर, किनाऱ्यालगतच्या दलदलींत आणि संथ पाण्याच्या खाजणांत हा गाळ साचला. झाडांचा पाला, समुद्राचे प्लवक आणि हवा न शिरणारा काळा चिखल. म्हणजे तिवरांखाली आपण पाय रुतवतो, त्याचेच हे फार दूरचे पूर्वज.

आता हिशेबाची दुसरी बाजू. जमा-नावेची दुहेरी नोंद शिकलेल्या माणसाला ती विसरता येत नाही. प्लवक कार्बन साठवताना प्राणवायू सोडते आणि कुजताना तो परत घेतला जातो. मग जो कार्बन कुजला नाही, पुरला गेला, त्याच्या वाट्याचा प्राणवायू कुठे गेला? तो हवेत राहिला. आपण ज्यावर जगतो तो हवेतला सुमारे २१ टक्के प्राणवायू ही त्या पुरलेल्या कार्बनचीच समोरच्या रकान्यातली नोंद आहे. प्राणवायू जिथे पोहोचला नाही अशा जागा होत्या, म्हणून हवेत प्राणवायू उरला. आमच्या परीक्षेत असा ताळेबंद कोणी घातला असता तर मी अकाउंट्समध्ये जास्त रमलो असतो.

कोणी घाबरून विचारील, मग तेल जाळल्याने आपला श्वास संपणार का? नाही. पुरलेला बहुतेक कार्बन खडकांत कणाकणांनी विखुरलेला आहे, तेल आणि कोळसा हा त्यातला अगदी लहान भाग. हवेतला प्राणवायू त्यापायी संपत नाही. चिंता वेगळी आहे. कोट्यवधी वर्षांची ठेव आपण दोन-तीन शतकांत मोडतो आहोत. त्यातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडने समुद्र तापतो, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि वरचे ऊन पाणी खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही. १९६० नंतरच्या पन्नास वर्षांत जगाच्या समुद्रांनी दोन टक्क्यांहून अधिक प्राणवायू गमावला, असे जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवले. आकडा लहान वाटतो. पण आधीच काठावर असलेल्या अरबी समुद्रासारख्या ठिकाणी लहान तूटही जाणवते.

आणि इथेच नाखवाची बाटली परत येते. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतही खोलातले प्राणवायूहीन पाणी तळाने सरकत उथळ भागात चढते. वर पावसाचे आणि नद्यांचे गोडे पाणी झाकणासारखे बसलेले असते, त्यामुळे वारा ढवळत नाही. ऑगस्टपासून पुढचे दोन-तीन महिने तळाचे पाणी गुदमरलेले राहते. गोव्याचे शास्त्रज्ञ १९९७ पासून कांदोळीसमोर बोट घेऊन ठरावीक जागी हे पाणी मोजतात. १९९९ च्या पावसाळ्यानंतर या किनाऱ्यालगत हायड्रोजन सल्फाइड आढळला. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये ते प्रसिद्ध केले आणि शेतांतून वाहून येणाऱ्या खतांनी हा मूळचा नैसर्गिक प्रकार तीव्र होत असावा, असे सुचवले. तळाचे मासे अशा वेळी जागा सोडतात. वरच्या पाण्यात बांगडा, तळाला काही नाही.

गेल्या वर्षी मी त्या बंदरावर गेलो. नाखवा आता ऐंशीच्या घरात आहे. बोट मुलगा चालवतो, हा ओट्यावर बसून जाळे विणतो. मी त्याला सगळे सांगितले, बॉस्फोरसपासून कांदोळीपर्यंत. फायलीवरच्या शेऱ्याविषयीही सांगितले. ते सांगणे सोपे नव्हते. तो विणता विणता ऐकत होता. मग म्हणाला, "साहेब, मी तेव्हाच सांगितलं होतं. तुम्हाला वास आला, म्हणून तुम्ही ऐकलं नाहीत."

थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "मग आता ते पाणी आणखी वर येणार का? पोराचं कर्ज अजून फिटायचं आहे."

मी त्याला सांगितले की दरवर्षी येते तसे ते येणार आणि हिवाळ्यात परतही जाणार. पण शेतातले खत, गटारांचे पाणी आणि तेलाचा धूर आपण असाच वाढवत राहिलो तर त्याचा मुक्काम लांबण्याची भीती आहे. तो काही बोलला नाही. सुई पुन्हा चालू लागली.

ती फाइल नियमाप्रमाणे केव्हाच नष्ट झाली असणार. दुरुस्ती करायला जागा उरलेली नाही, म्हणून ती इथे करतो. तेहेतीस-चौतीस वर्षे उशिराने का होईना, माझा सुधारित शेरा असा : 'कर्जदाराचे म्हणणे खरे होते. शाखाधिकाऱ्याने बाटलीचे झाकण लवकर लावले.'